मागणीची वही

शाळा सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात मी कोल्हापुरातल्या एका पुस्तकांच्या दुकानात गेलो आणि एका विज्ञानकथासंग्रहाचे नाव सांगितले. काउंटरमागच्या गृहस्थांनी बिलबुकातून मान न उचलताच "ते आता येत नाही, सर" असे उत्तर दिले. आवृत्ती संपली असेल तर नवी कधी येईल, असे मी विचारले. त्यावर त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि शांतपणे म्हणाले, "मागायला कोण येत नाही, मग ते तरी कशाला छापतील?" माझ्या चेहऱ्यावर शंका दिसली असावी, कारण त्यांनी ड्रॉवरमधून रोजकीर्दीसारखी एक लांबट वही काढून माझ्यापुढे ठेवली. दुकानात नसलेले पुस्तक कोणी मागितले की त्याचे नाव, प्रकाशक आणि गिऱ्हाइकाचा फोन नंबर त्या वहीत लिहितात आणि महिन्यातून दोनदा ती मागणी पुण्याला जाते. मी दिवाळीपासूनची पाने उलटली. स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके होती, ऐतिहासिक कादंबऱ्या होत्या, आत्मचरित्रे होती, आणि कोणीतरी शेळीपालनावरची तीन पुस्तके एकदम मागितली होती. विज्ञानकथा किंवा अद्भुतकथा मात्र एकही नव्हती. वहीवर राग धरण्यासारखे त्यात काही नव्हते. दुकानाच्या पायऱ्या उतरताना मनात रुतली ती वेगळीच गोष्ट. गेली चाळीस वर्षे मी स्वतःला या साहित्याचा वेडा वाचक म्हणवतो आहे, आणि या चाळीस वर्षांत अशा एखाद्या वहीत माझेही नाव कधी लागलेले नव्हते.

ते पुस्तक मला पुन्हा हवे झाले ते पुरामुळे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी मागे टाकली आणि पाणी ५५ फुटांच्याही वर गेले, तेव्हा शाहूपुरीत जयंती नाल्याच्या बाजूला असलेले आमचे तळमजल्याचे घर छातीइतक्या पाण्यात होते. आम्ही गाद्या, धान्य आणि मुलांची कागदपत्रे माळ्यावर चढवली. वडिलांचे सागवानी कपाट भरलेले असल्यामुळे जागचे हलले नाही. पाणी ओसरल्यावर कपाटाचे दार उघडेना, कारण आतली पुस्तके फुगून एकमेकांत घट्ट बसली होती. शेवटी पहार घालून दार मोडावे लागले. त्या क्षणी आलेला वास मी अजून विसरलेलो नाही: चिखल, खळ, कुजलेला कागद आणि त्याखाली कुठेतरी वडिलांनी वर्षानुवर्षे ठेवलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचा कडवट अंश. जे वाचवण्यासारखे होते ते आम्ही गच्चीवर कुरडयांसारखे पसरून वाळवले. पुढच्या दोन वर्षांत मी कपाट पुन्हा भरत गेलो. गाजलेल्या कादंबऱ्या, संतवाङ्मय, नाटके, सगळे पहिल्याच फेरीत मिळाले. खालच्या कप्प्यातली विज्ञानकथांची आणि अद्भुत कादंबऱ्यांची रांग मात्र भरता आली नाही. काही पुस्तके रद्दीवाल्याकडे मिळाली, काहींच्या झेरॉक्स प्रती मिळाल्या, आणि बाकीच्यांच्या बाबतीत दर ठिकाणी तेच उत्तर मिळाले, येत नाही.

वडील शाहू मार्केट यार्डात एका अडत्याकडे दिवाणजी होते. दिवसभर गुळाच्या रव्यांचे हिशेब लिहून संध्याकाळी ते करवीर नगर वाचन मंदिरात जात आणि घरी येत तेव्हा त्यांच्या सदऱ्याला गुळाचा आणि पिशवीला जुन्या बांधणीचा वास असे. १८५० पासून या गावाला वाचायला देणारे ते ग्रंथालय नसते, तर माझ्यासारख्या मुलांच्या हाती पाठ्यपुस्तकापलीकडचे काही आले असते की नाही, याची मला शंका आहे. 'नवल' मासिकाचे जुने अंक वडिलांनी कुठून तरी मिळवून जपले होते. त्यांतल्या गूढ आणि चमत्कारिक कथा ते मला अंथरुणावर पडल्यापडल्या सांगत, आणि गोष्ट ऐन रंगात आली की दिवा मालवत, म्हणजे उरलेली मी अंधारात स्वतः पुरी करावी. पुढे नारायण धारपांनी मला घाबरवले, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर यांनी विचार करायला लावले. मी गणिताचा शिक्षक झालो त्याचे श्रेय कोणत्याही वर्गाला देण्याआधी मी या मंडळींना देईन. आणि हे सर्व मी वाचले ते ग्रंथालयाच्या मासिक वर्गणीत, मित्राच्या प्रतीवर, फुटपाथवर. त्यांच्यातल्या एकाचेही नवे कोरे पुस्तक, बाजारात आले त्याच वर्षी, पूर्ण किंमत देऊन मी घेतल्याचे मला आठवत नाही. सुरुवातीला पैसे नव्हते हे खरे आहे. नोकरी लागल्यावर पैसे होते, तेव्हा सवय नव्हती.

ग्रंथालयात वाचणे हा गुन्हा नव्हे, हे मला कळते. डेन्मार्कने १९४६ मध्ये आणि ब्रिटनने १९७९ च्या कायद्याने अशी सोय केली की सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तक वाचले गेले तरी त्याचा अल्पसा मोबदला लेखकाकडे जावा. आपल्याकडे एका प्रतीवर दीडशे जणांनी जागून रात्री काढल्या तरी लेखकाच्या पदरात एकाच प्रतीचे पैसे पडतात. ज्याचे पुस्तक दुकानातही जोरात विकले जाते त्याला हे सोसते. ज्याचे वाचक प्रामुख्याने कपाटाशी उभी राहणारी शाळकरी मुलेच आहेत, त्याला सोसत नाही.

कोल्हापूरकरांना एका गोष्टीचा अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. जयंत नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी याच गावात झाला. ते मोठे झाले बनारसला, त्यांची कीर्ती केंब्रिजमध्ये झाली, पण २० मे २०२५ रोजी पुण्यात ते गेल्याची बातमी आली तेव्हा आमच्या शिक्षकखोलीत घरातले कोणी गेल्यासारखी शांतता पसरली होती. त्या दिवसांत सर्वांनी त्यांचे खगोलशास्त्रातले काम आठवले. मला राहून राहून १९७४ सालची गोष्ट आठवत होती. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा जाहीर केली आणि आपल्या नावाचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये म्हणून त्यांनी स्वतःची आद्याक्षरे उलटी करून नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून ती त्यांच्या पत्नी मंगलाबाईंनी आपल्या हाताने लिहून काढली होती. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, येथून जवळच्या कराडला भरलेल्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून बोलताना दुर्गाबाई भागवतांनी या नव्या प्रकारच्या कथेची आवर्जून दखल घेतली. पुढे २०२१ मध्ये नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. या साखळीत पहिली कडी एका स्पर्धेची आहे आणि दुसरी दुर्गाबाईंसारख्या वाचकाच्या चार शब्दांची. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञालाही कथाकार व्हायला कोणीतरी 'लिहा' म्हणावे लागले. बंगालीतही असेच घडले होते. जगदीशचंद्र बोसांनी १८९६ मध्ये एक कथा लिहिली, जिच्यात समुद्रावरचे वादळ केसांच्या तेलाच्या बाटलीने शांत होते, आणि ती लिहिली 'कुंतलीन' नावाच्या केशतेलाच्या व्यापाऱ्याने जाहीर केलेल्या कथास्पर्धेसाठी. त्या व्यापाऱ्याने तेल विकण्यासाठी का होईना, पण पैसे काढून ठेवले, म्हणून आज आपल्याकडे ती कथा आहे.

मग ज्याला ना केंब्रिज आहे ना स्पर्धा, त्याने काय करावे?

असा एक माणूस मला पाच-सहा वर्षांपूर्वी इचलकरंजीत भेटला. यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर म्हणून त्यांनी हयात काढली होती. मागाचा आवाज बदलला की कुठला भाग सैल झाला आहे हे डोळे मिटून सांगणारा तो माणूस. त्यांनी एक अद्भुत कादंबरी लिहिली होती. तिच्यातल्या नगरात विणलेल्या कापडात विणणाऱ्याच्या आठवणी उतरतात, त्यामुळे तिथे वस्त्रे वारसाहक्काने मिळतात, चोरली जातात, पुरली जातात, आणि एका राज्यकर्त्याला आपल्या आजोबांचा शेला जाळून टाकायचा असतो. ताणा, बाणा, धोटा, बीम हे सगळे शब्द त्या जगात मंत्रांसारखे वावरत होते. परदेशातल्या कुठल्याही किल्ल्याची किंवा चेटकिणीची सावली त्यावर नव्हती. ती इचलकरंजीतल्या माणसानेच लिहावी अशी गोष्ट होती. कादंबरी तीन भागांची आणि छापलेला भाग फक्त पहिला. मी दुसऱ्याविषयी विचारले तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या खुंटीला अडकवलेली रेक्झिनची पिशवी दाखवली. त्यात फुलस्केप कागदांचा गठ्ठा होता, दोऱ्याने बांधलेला, आणि गाठ अर्थातच विणकराची. प्रकाशकाने पाचशे प्रती काढल्या होत्या. किंमत अडीचशे, मानधन दहा टक्के, म्हणजे प्रतीमागे पंचवीस रुपये. तीन वर्षांत एकशे ऐंशी प्रती गेल्या होत्या. चार हजार पाचशे रुपये, असे त्यांनी मला कोणतीही कटुता न आणता सांगितले, जसा एखाद्या पाळीचा हिशेब सांगावा. पहिला भाग खपल्याशिवाय दुसरा छापता येणार नाही, असे प्रकाशकाने कळवले होते, आणि ज्यांनी पहिला वाचला नव्हता त्यांतले बरेच जण त्यांना सांगत होते की तिन्ही भाग आले की एकदम घेऊ.

निघताना मी पाकीट काढले. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "राहू द्या हो सर. वाचणारा भेटला, पुष्कळ झालं." आणि सही करून प्रत माझ्या हातात ठेवली. मी ती घेतली. बसमध्ये बसल्यावर मला वाईट वाटायला लागले आणि हातकणंगले येईपर्यंत मी स्वतःची समजूत काढत राहिलो की आग्रह केला असता तर त्यांचा मान दुखावला असता. त्यात थोडे तथ्यही असेल. पण त्या संध्याकाळी एकशे ऐंशीचे एकशे एक्क्याऐंशी करणे माझ्या हातात होते, दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊनही करता आले असते, आणि ते मी केले नाही.

आपल्या गावाला हे शिकवण्याची गरज नसावी. ज्या मातीत शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान उभे केले, अल्लादियाखाँसाहेबांना दरबारी आणले, तिथे कलावंताला आणि मल्लाला पोसणे हे पुण्यकर्म मानले गेले. राजाश्रय संपला तेव्हा लोकांनी तो वाटून घेतला. लहानपणी मामाच्या गावच्या जत्रेत वडिलांनी मला खांद्यावर बसवून कुस्तीचा फड दाखवला होता. एक कोवळा पोरगा आपल्याहून दीडपट वजनाच्या पैलवानाशी बराच वेळ झुंजला आणि शेवटी हरला. तरीही तो लाल मातीने माखलेल्या अंगाने कडेकडेने फेरी मारू लागला तेव्हा लोक वाकून वाकून त्याच्या मुठीत नोटा कोंबत होते. वडिलांनीही दोन रुपये दिले, ज्या काळात दोन रुपये आमच्या घरात मोजून खर्च होत. तो तर हरला, असे मी म्हणालो. वडील म्हणाले, "आज लढला म्हणून देत नाही रे, उद्या तालमीत जावा म्हणून देतोय." खुराक म्हणजे बदाम, दूध आणि तूप एवढेच मला तोवर माहीत होते. गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा ग्लास तोंडाला लावणाऱ्या पोरांकडे पाहताना अजूनही मला वडिलांची ती दोन रुपयांची नोट आठवते.

असा खुराक सगळ्याच लेखकांना हवा, मग याच लेखकांसाठी एवढा जीव का टाकायचा, असे मला एका सहकाऱ्याने विचारले, आणि प्रश्न योग्य होता. माझे म्हणणे असे आहे की गावची, घराची, नात्यांची गोष्ट लिहिणाऱ्याला निम्मे जग वाचकाकडून तयार मिळते. चूल म्हटली की धूर वाचक स्वतः आणतो. अद्भुत लिहिणाऱ्याला चूल, धूर, आकाशाचा रंग, पैशाचे नाव, देवाची भीती, सगळे मुळापासून उभारावे लागते, आणि विज्ञानकथा लिहिणाऱ्याला वर गणितही चुकवून चालत नाही. हे काम रविवारच्या सकाळी होत नाही, त्याला वर्षे लागतात. शिवाय आपल्या समाजाने या लेखनाला 'खोट्या गोष्टी' म्हणून बाजूला बसवले आहे. लहान मुलांसाठी ठीक, मोठ्यांनी काहीतरी खरे वाचावे, हे वाक्य मी पालकसभेत अनेकदा ऐकले आहे. हे सांगणाऱ्यांना कसे समजवावे की मराठी कादंबरीच्या अगदी आरंभी, १८६१ च्या 'मुक्तामाले'त, अद्भुतरम्यच तर होते. आपल्या भाषेची कादंबरी चालायला शिकली ती याच बोटाला धरून.

आणि पुराच्या वेळी तर मला या लेखनाची गरज अंगावर काटा यावा इतकी जाणवली. पाणी ओसरल्यावर गल्लीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य होते, "एवढं येईल असं कुणाला वाटलं होतं?" धोक्याची रेघ आपण मागच्या अनुभवावरून आखतो. ती ओलांडली तर काय, हे आधी कल्पून पाहणे, त्या पाण्यात एका घराला, एका म्हाताऱ्याला, एका गाभण म्हशीला उभे करून पाहणे, हे काम अहवालाने होत नाही. ते कथाकाराचे काम आहे. दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, पाणी पुन्हा आले. माझ्या मनात तेव्हापासून एक कथा घोळते आहे जी मला लिहिता येत नाही, शंभर वर्षांनंतरच्या पंचगंगेकाठची. ती कोणीतरी लिहावी आणि ती मराठीतच लिहावी. आठवीच्या वर्गात मुले 'ब्लॅक होल' म्हणतात तेव्हा मी 'कृष्णविवर' हा शब्द फळ्यावर लिहितो, आणि दर वर्षी एखादे तरी मूल तो दोन-तीनदा हळूच पुटपुटून पाहते, कारण त्या शब्दात कृष्ण आहे, विवर आहे आणि खोली आहे. यंत्रमानव, प्रकाशवर्ष, परग्रह हे शब्द परिभाषाकोशात पडून राहिले असते. गोष्टींतून फिरले म्हणून ते जिवंत झाले.

मान्य करायला हवे की आपल्याकडची पुष्कळ विज्ञानकथा कच्ची आहे. शास्त्रज्ञ पत्रकाराला प्रयोगशाळेत बसवतो आणि पाच पाने शोध समजावून सांगतो, शेवटी स्फोट होतो. मलाही अशा कथांचा कंटाळा येतो. परंतु लेखकाला 'इथे मी कंटाळलो' हे सांगणारा वाचकच मिळाला नाही, तर तो सुधारणार कशावर? लेख लिहिणारे समीक्षक या वाटेला फिरकत नाहीत. उरतो तो विकत घेणारा, वाचणारा आणि पोस्टकार्ड टाकणारा माणूस. फुकट मिळालेल्या पीडीएफवर कोणी रागावत नाही आणि कोणी आभारही मानत नाही. ती फोनमध्ये पडून राहते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अशी एक अख्खी विज्ञानकादंबरी आली तेव्हा पंचेचाळीस जणांनी हात जोडल्याची चिन्हे पाठवली. त्यांतल्या दहांनी जरी ती विकत घेतली असती, असा हिशेब माझे गणिती डोके आता आपोआप करू लागते.

नोव्हेंबरात मी मुलांना किरणोत्सव पाहायला अंबाबाईच्या देवळात नेतो. पहिल्या दिवशी मावळतीची किरणे देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पोहोचावीत, असे कोण्या अनामिक स्थपतीने शेकडो वर्षांपूर्वी मोजून ठेवले. त्याने गणित केले आणि आपण कधीच पाहणार नाही अशी एक संध्याकाळ कल्पिली. गेल्या खेपेस किरणे पुरी वर चढली नाहीत. वाटेतल्या बांधकामांचा अडथळा होतो, अशी चर्चा बाहेर पडताना गर्दीत चालली होती. पंधरा कोटी किलोमीटर आलेला उजेड शेवटच्या काही हातांवर कुणाच्या तरी पत्र्यापाशी अडावा, याचे दुःख एका सातवीतल्या मुलीच्या चेहऱ्यावर मी पाहिले. तिने परतीच्या वाटेवर मला विचारले की याची कोणी गोष्ट लिहिली आहे का. मला सांगण्यासारखे नाव आठवले नाही.

त्याच आठवड्यात मी पुन्हा त्या दुकानात गेलो. इचलकरंजीच्या पहिल्या भागाच्या पाच प्रती मागवल्या, पैसे आगाऊ दिले. एक माझी, एक शाळेच्या ग्रंथालयाची, एक त्या मुलीची, बाकीच्या दोन कोणाला ते ठरवलेले नव्हते. गृहस्थांनी वही काढली आणि नोंद केली. मग मी त्यांना दुसऱ्या भागाचे नावही लिहून घ्यायला सांगितले, जे मला त्या दिवशी रेक्झिनच्या पिशवीतल्या गठ्ठ्याच्या वरच्या कागदावर वाचल्याचे आठवत होते. त्यांनी ते सुवाच्य अक्षरात लिहिले, माझा नंबर लिहिला आणि पेन मधल्या रकान्यावर थांबवून विचारले, "प्रकाशक कोण लिहू?"

"ती जागा मोकळी ठेवा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले, रकाना मोकळा ठेवला आणि पुढच्या ओळीवर तारीख घातली.